उरलेला मणी

ग्लिव्हित्सेच्या तळघरात अकरा मीटर लांबीची पोलादी नळी आहे.
तिच्या कमरेला ॲल्युमिनियमचा पातळ पडदा बसवणं
हे माझं काम. आणि धूळ चाळणं.
धूळ म्हणजे काचेचे मणी,
इतके बारीक की चिमटीत पाण्यासारखे निसटतात.
डॉक्टर कोत्सुर म्हणतात, "उर्शुलाबाई,
पिठासारखी नका चाळू, हिशेबासारखी चाळा."
मी पिठासारखीच चाळते.

स्वच्छ हवेचं सोपं असतं.
पडदा फाटतो, पहारेकऱ्याचा कुत्रा टेबलाखाली शिरतो,
आणि कागदावरची रेघ
आडवी चालता चालता ताडकन उभी राहते,
जसं वर्गात कुणाचं नाव पुकारलं.
किती उंच, ते गणितात आधीच लिहिलेलं.

धूळ घातली की
हवेला धक्का लगेच कळतो.
मणी तिथेच. थंड. त्यांच्यामधून वारा
पुढे निघूनही गेलेला.
मग सावकाश उचलले जातात, तापतात,
हवेचा वेग घासाघासाने खातात,
दोघं बरोबरीला येतात कुठेतरी,
कधी हातभर पुढे, कधी दोन हात.
डॉक्टर तेवढंच अंतर मोजतात. चौदा वर्षं.

फेब्रुवारीत आम्ही धूळ वाढवली, दाब उतरवला.
पडदा फाटला, कुत्रा शिरला,
रेघ उभी राहिलीच नाही.
नुसता चढ, सायकलवरून उतरावंही लागू नये असा.
सेन्सर मेला, म्हणाले. बदलला.
पुन्हा तोच चढ.
तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला.
"धारच उरली नाही. वाटून घेतली यांनी."

नंतर जिन्यात, न पेटवलेली सिगरेट बोटांत धरून:
खाणीचा भोंगा झाला तेव्हा आई बटाटे सोलत होती.
माणूस दारात टोपी काढून उभा.
तिने उरलेले सगळे सोलले, मीठ घातलं,
आम्हा पाचांना वाढलं. त्यालाही वाढलं.
तो मंगळवार.
रडली ती शुक्रवारी, बुटांच्या दुकानात,
मालकाने सवयीने विचारलं,
साहेबांचं माप तेच ना?

"याचा मण्यांशी संबंध नाही," म्हणाले. "लिहू नका."

मी नोंदवहीत लिहिलं:
प्रयोग तीनशे बारा. धूळ वजनाने हवेइतकी. पुढची धार नाही.
मग नळी पुसायला घेतली.
लांब काठीला फडकं, दोन्ही बाजूंनी, दोनदा.
तरी मणी आत चिकटून राहतातच;
उद्याच्या स्वच्छ हवेत
एखादा असणार.