किलोमागे दर

डिसेंबर संपत आला की कुताइसीतली माणसं
माझ्या दुकानात शिरतात, दाराशी बूट आपटतात
आणि स्वतःला सोडून बाकी सगळ्यांविषयी बोलतात.

"सासूसाठी हवंय. वाचते, पण फक्त मेलेल्यांची नावं,
पेपरच्या शेवटच्या पानावरची."
हा वाझा, सात नंबर बसचा ड्रायव्हर.
गेल्या वर्षी मी त्याला द्राक्षवेलींच्या रोगांचं पुस्तक दिलं:
रंगीत बुरश्या, भुंगे, करपलेली पानं.
म्हातारी आता शेजाऱ्यांच्या वेलींखाली चष्मा लावून हिंडते,
एकेकाचं निदान सांगते
आणि कधी नव्हे ती खुशीत असते.

माझे अंदाज चुकतातही.
नोदार दंतवैद्याला चाच्यांचा इतिहास दिला,
त्यानं तो बाहेरच्या बाकावर ठेवला.
आता नंबर आला तरी पेशंट उठत नाहीत,
आणि तो मला पाहिलं की रस्ता ओलांडतो.

जाड पुस्तक म्हणजे मोठा मान, असं इथे समजतात.
दोन्ही हातांत तोलून बघतात, कलिंगडासारखं,
टिचकी मारायची तेवढी बाकी.

म्हणून ती मुलगी वेगळी वाटली.
तेओना. चौदाची असेल, बाह्या आखूड झालेला कोट.
म्हणाली, "आईसाठी. बारीक असलं पाहिजे.
शुक्रवारची गाडी किलोला तीन युरो घेते,
आणि चीज आधीच दोन किलो झालंय."

आई बारीला. इटलीत, समुद्राकाठी,
एक्याण्णव वर्षांच्या बाईला उठवते, बसवते, भरवते.
चार वर्षं झाली.
आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया तिकडे आहेत,
हे काही मला नवं नव्हतं.

मी एक कादंबरी पुढे केली, पातळ, प्रेमाची.
"रडेल. रडली की आजी विचारते काय झालं,
आणि तेवढं इटालियन तिला येत नाही."
पाककृतींचं काढलं.
"दिवसभर तेच तर करते."
रानातल्या औषधी वनस्पतींचं.
तेओनानं पानं चाळली, चित्रं बघितली,
आणि इतक्या सभ्यपणे परत ठेवलं
की मला माझ्या तीस वर्षांच्या धंद्याची लाज वाटली.

मग ती स्वतःच मागे गेली, शाळेच्या कपाटाकडे,
जिथे भेट शोधायला कुणी जात नाही.
तिसरीचं गणित घेऊन आली.

मला वाटलं, चुकलं हिचं.
"गेगा तिसरीत आहे," ती म्हणाली.
"रात्री फोनवर आई विचारते, आज काय शिकलास?
तो म्हणतो, काही नाही.
हे असलं की ती विचारेल,
सत्तेचाळीसावं पान, चौथं गणित, उत्तर सांग.
मग बघू कसा म्हणतो काही नाही."

मी सत्तेचाळीसावं पान उघडलं.
एका टोपलीत बावीस डाळिंबं होती,
एक शेतकरी, तीन मुलं, आणि एक उरलेलं डाळिंब
ज्याचं काय करायचं ते पुस्तकात दिलेलं नव्हतं.
बारीत कुणीतरी रात्री साडेदहाला,
शेजारच्या खोलीत म्हातारीचा खोकला ऐकत,
ते डाळिंब कुणाला द्यायचं यावर
आपल्या लेकाशी भांडणार होतं.

मी लाल कागद काढला.
"कागद नको," ती म्हणाली, "वजन."
माझ्याकडे मसाल्यांसाठी एक छोटा काटा आहे.
पुस्तक ठेवलं. तीनशे दहा ग्रॅम.
तिनं ओठांतल्या ओठांत हिशेब केला,
खिशातून एक पेन्सिल काढली,
चावलेली, अर्धी झालेली, बहुधा गेगाचीच,
आणि पुस्तकात घालून विचारलं,
"पेन्सिल धरतात का वजनात?"

मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, नाही धरत.