दर्यावर न्यायचा चार्जर

हरेश्वर चोगलेनं खोकं काउंटरवर ठेवलं.
वर लिहिलं होतं, शंभर वॅट.
आत अंघोळीच्या साबणाएवढी वडी, पांढरी, चार भोकांची,
उचलली तर अंदाजापेक्षा जड.
"सहा खलाशी, मी, आणि पोरगा. त्याचा लॅपटॉप."
पोरगा शिरगावच्या कॉलेजात मासे शिकतो.
हे सांगताना हरेश्वर दर वेळी हसतो,
चोगल्यांच्या घरात मासे शिकायला कॉलेज!
"बारा दिवस बाहेर आहोत. चालेल का सांग, झुलेखा.
कंपनीचं नको, तुझं सांग."

मीटर काढला. भावानं कुवेतहून आणलेला,
काचेवर चरा आहे, आकडा मात्र खोटा नाही.
लोडची पेटी पहिल्या भोकाला जोडली.
आधी ते दोघं बोलतात, आपल्याला ऐकू येत नाही.
किती देतोस? पाच व्होल्ट. नऊ. पंधरा.
वीस दे.
संध्याकाळी वाळूवर सरंग्याच्या पाटीभोवती चालतं तसंच,
फक्त इथं कुणी कुणाची आई काढत नाही
आणि पापणी लवायच्या आत सौदा ठरतो.
वीस पूर्णांक एक व्होल्ट, चार पूर्णांक चार अँपिअर.
पेन्सिलीनं गुणाकार केला. अठ्ठ्याऐंशी.
बाकीचे बारा वॅट खोक्यावरच राहिले.

दुसऱ्या भोकात माझा फोन लावला
आणि सगळं गेलं.
मीटर शून्य. डोक्यावर पंखा तर फिरतोय.
एक.
दोन.
मग दोन्हीकडे उजेड, पण पहिला आता पासष्टवर.
म्हणजे नवा कुणी आला की हा
आधी सगळ्यांसमोरचं उचलून घेतो
आणि नव्यानं मोजून वाढतो.
आमच्यात थाळा एकच असतो,
आलेला बसतो, बसलेले सरकतात,
घास कुणाचा थांबत नाही.
कारखान्यात हे कुणाला सुचलं नसावं.

चारही भोकं भरली, लॅपटॉप तिसावर आला.
पडद्यावर ओळ: चार्जिंग सावकाश होत आहे.
तासाभरानं तापमापक टेकवला, एकाहत्तर.
बोट टेकवलं, लगेच काढलं.
वास नाही. वास आला असता तर
पुढचं काही लिहिलंच नसतं.

पण दुकानातली वीज वेगळी, बोटीवरची वेगळी.
होडीत बसून 'कमलजा'वर गेले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.
केबिनमधल्या इन्व्हर्टरवर लावला तर
रातकिड्यासारखा किर्र करायला लागला.
इंजिन चालू केलं, चारही फोन एकदम विझले,
दोन सेकंद, मग एकदम टुंग.
इंजिन बंद. परत चालू. परत टुंग.
बीरबहादूर नावाचा खलाशी दचकून उठला,
आपला फोन काढून शर्टाला पुसला,
पुन्हा लावला. सगळे पुन्हा विझले.
शिव्या इथं मात्र पडल्या.

मी विचारलं, पुढं आत गेल्यावर रेंज कुठं असते?
फोन भरून करणार काय?
"टाइम बघायला," तो म्हणाला.
घड्याळ त्याच्या मनगटावर होतं.
फोन त्यानं उलटा ठेवला होता, पडदा खाली करून.
मी पुढं विचारलं नाही.

परत येताना वहीत लिहिलं:
खोक्यावर शंभर, मिळाले अठ्ठ्याऐंशी.
एकट्याला चांगला. चौघांना पुरतो, भरवत नाही.
भोकांना झाकण नाही, खारं वारं आत जाईल,
रोज कोरड्या फडक्यानं पुसा, फुंकर नको, थुंकीही खारीच.
उशाखाली ठेवू नका.
लॅपटॉप रात्री, बाकीचे निजल्यावर, पहिल्या भोकात.

"म्हणजे पास का नापास?" हरेश्वरनं विचारलं.
किल्ल्यामागं सूर्य गेला होता, लिलावाची ओरड चालू झालेली.
साठ रुपये झाले, म्हटलं.
त्यानं पन्नास दिले, आणि पिशवीत
दोन बांगडे, अजून ताठ.