पीळ वाजत नाही

शिरपूरच्या वखारीत सकाळी साडेदहाला
करवत पूर्ण आवाजात होती,
म्हणून नानजीभाई बोटांनी बोलत होते:
आधी तीन, मग दोन.
बत्तीसशे घनफूट.

मला हवे होते पाच बाय तीनचे चार नग.
दोन उभे, एक माथ्याचा, एक उंबऱ्याचा.
थाळनेरच्या लोटन अण्णांच्या दाराची चौकट.
मापं तळहातावर बॉलपेनने लिहून आणलेली,
सातातला सात घामाने फुटलेला.

बापू धुळ्याला, दवाखान्यात,
उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात.
चाळीस वर्षं लाकूड त्यांनीच आणलं.
मी रंधा धरायचे, पॉलिश मारायचे,
आणि घरात आलेल्या वहिनीला म्हणावं
तसं आलेल्या लाकडाला आपलं म्हणायचे.

सुपडूने थप्पी सोडली.
वरचे सहा देखणे. वरचे नेहमीच देखणे असतात.
टोकांवर पाणी मारलेलं, रंग मधासारखा,
एकाच्या भेगेत भुसा आणि फेव्हिकॉल,
नखाने खरवडलं तर चुरा हातात.
नानजीभाई पत्र्याकडे बघू लागले.
"खालचे काढ," मी म्हणाले.
सुपडूने तेव्हा पहिल्यांदा मला नीट पाहिलं.

फोन लावला.
"ठोक," बापू म्हणाले. "फोन जोडे धर."
पण करवत कुणाचं ऐकते?
ते "आं? आं?" करत राहिले,
मी ठोकत राहिले.

तेवढ्यात लाइट गेली.
पट्टा घरघरत, घरघरत थांबला.
आग्रा रोडवरचे ट्रक ऐकू आले,
शेजारच्या गॅरेजमधला खोकला,
आणि उजेडात अडकलेला भुसा
सावकाश खाली बसू लागला.

मी बोटाच्या पेराने पहिला नग वाजवला.
"ओलं शे."
दुसरा.
"बरं शे. बाजूले ठेव."
तिसऱ्याला ते काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आखो ठोक."
मी ठोकलं.
पक्क्या भाजलेल्या माठाचा आवाज आला,
सुपडूनेही हातातला दोर खाली ठेवला.
"हाई ल्हे. याले सोडू नको."

मी त्याचं टोक डोळ्याशी धरलं,
डावा डोळा मिटला.
धार सरळ गेली, तीन फूट, चार, पाच,
आणि सहाव्याला हळूच कूस बदलली,
झोपेतल्या माणसासारखी.

पीळ वाजत नाही.
तो फक्त दिसतो, एक डोळा मिटून.

"बापू, ह्यात पीळ आहे."
पलीकडे कुणाची तरी वाटी पडली, गोल फिरत राहिली.
"कितला?"
"दोन सूत. दार घासेल."
वाटी थांबली.
"मंग तुना डोया खरा," ते म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.

तो तसाच चालू ठेवून मी अजून अकरा नग पाहिले.
चार घेतले.
एकात गाठ आहे, जिवंत, घट्ट, खोबऱ्याच्या वाटीएवढी.
ती मी खालच्या बाजूला टाकीन.
दोनदा बापूंना खोकला आला. बस्, एवढंच.

नानजीभाईंनी पावतीवर सवयीने लिहिलं: हिलाल मिस्तरी.
लिहू दिलं.
रिक्षाच्या मागे आलेल्या टोकांना
सुपडूने लाल फडकं बांधलं,
ते आधी कुणाच्या तरी साडीचं काठ होतं.

संध्याकाळी धुळ्याला गेले, पिशवीत
टोकाचा एक छाट घेऊन.
बापूंनी तो नाकाशी धरला,
अंगठा रेषांवरून फिरवला, उलट, मग सुलट.
बराच वेळ.
"कितलामा पडनं?"

मी दोनशे कमी करून सांगितले.

पट्टीखालचा गाल हलला.
"तुनी मायले," ते म्हणाले,
"मी कायम तीनशे कमी सांगेल शेतस."