टबातले दगड

सेमोन्कोंगहून दोन दिवस चालत आणला त्याला.
चढावर मोखेथी पुढे, उतारावर घोडा पुढे,
दारात पोचले तेव्हा दोघंही एकमेकांवर रुसलेले.
'खुरं चांगली आहेत,' दीर म्हणाला,
उरलेली मोड माझ्या तळहातावर मोजली
आणि जेवायला बसला.

करडा. पोटाला चिखल वाळलेला.
उजवा कान किंचित कातरलेला.
गोठ्याची भिंत त्याने आधी नाकाने वाचली,
एकेक दगड,
गेल्या हिवाळ्यात खेचर मेलं त्या कोपऱ्यात जरा थांबून,
मग डोंगरातल्या खाचेकडे तोंड करून उभा राहिला,
जिथून आला होता तिकडे.

'एक दिवस उपाशी ठेव,' मा-सेखोबे भिंतीवरून म्हणाली,
'आपोआप तुझा होईल.'

उपाशी ठेवायला तो ऐकणारा हवा ना.
कडबा खाल्ला. पाण्याला मात्र तोंड लावेना.
जस्ताचा टब, त्यात नळाचं पाणी,
गावाला गेल्याच वर्षी आलेलं, भाषणबिषण होऊन.
तो यायचा, वाकायचा,
तळाशी एक अनोळखी घोडा वर बघत असायचा.
फुरफुरून मागे.

मी या घरात आले तेव्हा
मेंढी कापली, खांद्यावर कांबळं घातलं,
आणि सासूने नाव दिलं: मा-लिनेओ. लिनेओची आई.
लिनेओ तेव्हा पोटातसुद्धा नव्हती.
अजून न झालेल्या मुलीची आई म्हणून हाका यायच्या
आणि मी चुलीपाशी बसून मागे बघायचे,
कुणाला बोलावतायत ते.
तीन आठवडे लागले 'ओ' द्यायला.

म्हणून घोड्याला नाव ठेवलं नाही.
लिनेओने चार सुचवली, त्यातलं एक कुठल्याशा गोलकीपरचं.
म्हटलं, थांब.

दुसऱ्या संध्याकाळी टेकाडावरच्या खडकावर चढले,
तिथे नेटवर्क येतं, उजव्या पायावर उभं राहिलं तर.
विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, काय म्हणायचात त्याला?
'घोड्याला? काही नाही. जीभ टाळूला लावून सोडायचो.'
मग बराच वेळ नुसता वारा,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा कोण जाणे.
'ओढ्यावर पितो तो,' म्हातारा म्हणाला. 'पाय भिजवून.'
आणि फोन ठेवता ठेवता,
'खाल्लं का आज त्याने?'

ओढ्यातून पाच दगड आणले, शेवाळासकट.
टबात ठेवले. 'माशांची सोय?' लिनेओने विचारलं.
मग अंधार पडल्यावर बादली घेऊन उभी राहिले,
वरून बारीक धार धरून,
दगडांवर पाणी वाजेल अशी.
जुलैची थंडी. बोटं बधिर. मी त्याच्याकडे बघत नव्हते,
धारेकडे बघत होते,
आणि जीभ टाळूला लावून सोडली
एकदाच, चुकून झाल्यासारखी.

रात्री कधीतरी घोट ऐकू आले.
मोजायला लागले, एकोणीसपर्यंत जागी होते.
सकाळी टब उपडा, दगड गोठाभर,
आणि तो खाचेकडेच तोंड करून.
करू दे.
मलाही बाजारात कुणी माहेरच्या नावाने हाक मारली
तर पाय आधी वळतात, डोकं नंतर.

सोमवारी लसींची पेटी नदीपलीकडे न्यायची होती.
खोगीर घातलं नाही. पेटी माझ्या पाठीवर, दोर हातात,
असे निघालो; मोखेथी दारातून ओरडला,
घोडा विकत घेतलाय की पाहुणा आणलाय?

नदीत गुडघ्यापर्यंत शिरला आणि पीत राहिला.
पीत राहिला.
माझ्या बुटांत पाणी, पेटीतला बर्फ वितळत असणार,
पलीकडच्या काठावर बाया बाळांना गुंडाळून ताटकळलेल्या.
त्यातली एक ओरडली, नाव काय गं त्याचं?

नदी मोठ्याने वाहत होती.
मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.