वाटणी

ट्रिस्टन बेटावर जहाज लागत नाही,
दूर नांगर टाकतं, मग होडीनं आणायचं सगळं.
त्या खेपेला पिठाची पोती उतरली, रॉकेल,
आणि टोरांटोचे चार जण, शीतपेट्या छातीशी धरून.

ओरेलिया काकूंनी बाही वर केली.
"न्या रक्त. पण उद्या बोलावू नका,
उद्या मेंढ्या कातरायच्यात."
मग नळीत फुंकलं.
पडद्यावरची रेघ चढता चढता मध्येच बसली,
चढणीवर धाप लागली की दगडावर बसावं तशी.

आमच्याकडे आडनावं सात.
पहिली माणसं आली तेव्हा सामानात कुदळ होती, बियाणं होतं,
आणि कुणाच्या तरी छातीत ही शीळ.
पुढे जमीन वाटली, गुरं वाटली,
कड्यावरची पाखरांची अंडीसुद्धा मोजून वाटली.
हिचीच वाटणी झाली नाही.
जितक्यांना दिली तितकी वाढली.

पुष्कळ दिवसांनी पत्र आलं.
डॉक्टरांनी दवाखान्याच्या पायरीवर वाचून दाखवलं:
श्वासनलिकेला आतून अस्तर असतं पेशींचं,
तिथं काही जनुकं, कधी जागं व्हायचं ते चुकणारी.
त्यांच्या सांगण्यावरून प्रथिनं घडतात.
एक धुळीच्या कणालाही चोर म्हणून ओरडतं,
मग दुसरं चिकट कफाची घागरच उपडी करतं,
नळीभोवतीचे स्नायू घाबरून आवळतात.
आणखी एक आहे,
त्याचं नाव डॉक्टरांनाही उच्चारता येईना.
कुणी वाईट नाही यात.
सगळी घर राखायलाच धावलेली.

"म्हणजे हे आईनं दिलं मला?"
पत्रात तसं नव्हतं.
एकटं जनुक काही करत नाही, असं होतं,
धूर लागतो, मांजर लागतं, गादीतले किडे लागतात.
"आईकडे मांजर होतं," काकू म्हणाल्या,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

रात्री भाचीच्या ओबेडला लागली.
काकूंनी त्याला पाठीशी घेऊन ताठ बसवलं
आणि मुद्दाम सावकाश श्वास घेऊ लागल्या,
त्यानं ऐकावा, तसाच घ्यावा म्हणून.
हेही आईचंच.
अंधारात दोन शिट्या, जवळजवळ एका पट्टीतल्या.

पोरगं झोपलं तेव्हा मोज्यातला सुटलेला टाका दिसला.
तीन ओळी उसवल्या, पुन्हा घातल्या.
रक्तात असं मागे जाता येत नाही.
पंप कानाशी धरून हलवला,
आत किती उरलंय ते ऐकत राहिल्या.
पुढचं जहाज मार्चात.