मिठाशिवाय

काखेत होती.
हिवाळाभर मी थकव्याचं कारण शोधत हिंडले,
डोंगरात, झोपेत, निवृत्तीच्या कागदांत,
आणि ती काखेत, हरभऱ्याएवढी,
कसलीच घाई नसलेली.

एकोणतीस वर्षं मी ओपडालच्या घाटात
बर्फ सारायची गाडी चालवली.
रस्ता म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
म्हणून डॉक्टर म्हणाल्या, "सध्या नुसती वाट बघू,"
तेव्हा मला हसू आलं.
बघण्याजोगी वाट होती कुठे?
पांढऱ्यावर पांढरं,
आणि कडेचे खांब वाऱ्यानं वाकलेले.

चार वर्षं बघितली.
दर तीन महिन्यांनी आगगाडीनं ट्रॉन्डहाइम,
कुणीतरी गार बोटांनी मान चाचपायचं,
"वाढतंय, पण सावकाश" म्हणायचं,
आणि मी दालचिनीचा पाव घेऊन परत.
माझा भाऊ आस्मुंड विचारायचा,
"मग कॅन्सर आहे की नाही?"
आहे रे. त्याला पोचायची घाई नाही इतकंच.

मीठ मी वाहिलंय, टनांनी.
मिठानं बर्फ वितळतो, यात वाद नाही.
पण ते गाडीचं पोट खातं,
पुलाचे गज खातं, कडेच्या भूर्जांची मुळं,
कुत्र्यांचे तळवे.
माझी पहिली गाडी नऊ वर्षांत खालून चाळण झाली.
मीठ खाल्लेलं लोखंड
कुणाच्याच मिठाला जागत नाही.
आस्मुंडच्या बायकोला ते जुनं औषध दिलं होतं,
लाल, पिशवीतलं.
मी तिच्या भुवया जाताना पाहिल्या.
ती बरी झाली, हेही सांगायला हवं.
अजून पत्त्यांत मला हरवते.

मिठाशिवाय जमतं का,
एवढंच त्यांना बघायचं होतं.
एका गटाला एक औषध, दुसऱ्याला दोन,
आणि चिठ्ठी संगणक काढणार,
म्हणजे कुणाची माया आड येणार नाही.
अकरा पानं होती. सगळी वाचली,
आणि सहीच्या जागी तारीख लिहून बसले.
इफ्राहनं, तिथल्या नर्सनं, न बोलता नवं पान आणलं.

"यात थोडा उंदीर आहे," ठिबक लावताना ती म्हणाली,
"म्हणजे मुळात. रेणूच्या टोकाला."
उंदीर!
डोंगरातल्या झोपडीत चाळीस वर्षं मी सापळे लावले,
तपकिरी चीजचा तुकडा,
सकाळी शेपटीला धरून बर्फात.
पहिल्याच तासात घसा खाजला, मग थंडी भरली,
अशी की दात वाजले,
माझे, घाटातल्या बाईचे.
इफ्राहनं ठिबक थांबवलं, दोन पांघरुणं घातली,
आणि मोगादिशूत जन्मलेली ती पोरगी मला सांगू लागली,
"गुनवोर, श्वास घ्या. थंडी जाते."

पलीकडच्या खुर्चीत ओलाउग, दुसऱ्या गटातली.
तिला गोळ्याही, आणि हातभर पुरळ.
आम्ही विणकामाबद्दल बोलतो, जावयांबद्दल.
रक्ताचे आकडे कुणी काढत नाही.
पण ती कॉफी प्यायला मान वर करते
तेव्हा मी तिच्या जबड्याखाली बघते,
आणि मला माहीत आहे, तीही बघते.
दोघींपैकी कुणाचं जास्त टिकेल
ते ज्या पानावर छापून येईल
त्यात आमची नावं नसतील.
एक ठिपका मी, एक ती.
कुठेतरी आत्ता चाळिशीतला कुणीतरी
दाढी करताना मानेवर थबकला असेल,
त्याच्यासाठी असेल ते पान.

आता काख रिकामी आहे.
डॉक्टर रिकामी म्हणत नाहीत, "दिसत नाही" म्हणतात.
चालेल. न दिसणाऱ्या गोष्टींचाच
मी इतकी वर्षं पगार घेतला.
परत येईल म्हणे कधीतरी.
बर्फाबद्दलही लोक हेच म्हणतात.

काल झोपडी उघडली.
कपाटात पीठ सांडलेलं,
त्यावर इवल्या पायांची एक रेघ, भिंतीपर्यंत.
सापळा काढला, स्प्रिंग ओढली,
चीजही लावलं.
मग तशीच उभी राहिले,
या पायावरून त्या पायावर,
आणि चुलीवर कॉफी उतू गेली.