मात्रा

कॉव्हेंट्रीच्या रिंगरोडखाली, टायरांच्या गोदामामागे
त्या पोरांचा स्टुडिओ.
आम्ही सातजणी व्हॅनमधून उतरलो,
चर्चचे झगे प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी घातलेले.
डॉर्कसनं नाक मुरडलं, "इथं देव येईल का गं, मर्ल?"
म्हटलं, तासाचे अठरा पौंड देतायत,
न येऊन सांगतोय कुणाला?

गाणारा पोरगा ग्लिन. नुसती काडी.
जुलैच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या.
बावीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात मी वॉर्डात,
बाह्या मला वाचता येतात.

त्याचं गाणं एकाच सुरावर उभं,
चौदा मिनिटं.
रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात फ्रीज घुमतो ना,
तसा खर्ज, आणि त्यावर गिटारी
वाफेसारख्या चढत जाणाऱ्या.
बटणं पिळत तो पुटपुटला, "आता जमीन सुटली."
ड्रमवाल्याचे डोळे मिटलेले.
टेबलावर गार चहा, संत्र्याची सालं,
चंद्राचा एक नकाशा, त्यावर सिगारेटचे डाग,
खड्डे कुठले नि डाग कुठले कळू नये असे.

मग आमच्या हातात कागद आले.
प्रभो, मला भरून टाक.
प्रभो, मला शिरेतून घरी ने.
डॉर्कसनं 'शिरेतून'वर बोट ठेवलं, कागद उलटा केला.
सहाजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

मला सोळा नंबरची खाट आठवली.
मिस्टर ओकडेन, जबड्याचा कॅन्सर.
पहाटे तीनला कपाट उघडायचं,
वहीत दोघींच्या सह्या, किल्ली माझ्या गळ्यात.
सुई बाहेर आली तसा
जन्मात चर्चची पायरी न चढलेला तो माणूस
छताकडे बघत म्हणाला, "आलास होय, येशू."
मी लिहिलं: दहा मिलिग्रॅम, तीन वाजून पाच.
बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

"गाऊ," मी म्हटलं.
"पाद्रीबाबांना मी बघते."

पहिल्या टेकला ग्लिन पांढरा पडला.
अख्खी ओळ एका दमात ओढत होता,
बुडणारा दोर ओढतो तशी.
अरे, श्वास कुठे घेतोस?
"घेतला तर तुटेल."
मग त्याला आमची चोरी दाखवली.
मी थांबते तेव्हा डॉर्कस धरून असते,
डॉर्कस थांबते तेव्हा इनेझ,
ऐकणाऱ्याला वाटतं या बायकांना फुप्फुसंच नाहीत.
एवढा लांब सूर एकट्यानं पेलायचा नसतो, राजा.
म्हणून तर सातजणी.

तो हसला. दात खराब.
आणि मग लागला सूर, असा लागला
की काचेपलीकडचा माणूस टेप बदलायचं विसरला.
डॉर्कसनं चपला काढल्या.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

रेकॉर्ड आली तेव्हा माझं नाव चुकीचं छापलेलं.
अकराव्या मिनिटाला इनेझ खोकते, तेही तसंच ठेवलंय.
पाद्रीबाबांनी तीन रविवार मला मागच्या बाकावर बसवलं;
तिथून छतावरची ओल चांगली दिसते.

फेब्रुवारीत, पहाटे चारला, फोन.
"मर्ल, किती पुरेल?"
पैसे म्हणतोय की मिलिग्रॅम, कळेना.
त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालली होती!
घराबाहेर बर्फ, बत्तीचा पिवळा गोळा,
माझे पाय फरशीवर अनवाणी.
म्हटलं, पहिली ओळ म्हण.
म्हणाला. मध्येच दम संपला,
तेव्हा तेवढी जागा मी धरून ठेवली,
खालच्या पट्टीत, शेजारी उठू नयेत म्हणून.
पलीकडे त्यानं श्वास घेतला, मला ऐकू आला.

"पुन्हा," मी म्हटलं.